गॉगलवाल्या शेतकऱ्याची बहीण

वणीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या फाडायचं काम करत होते. बिल्टी म्हणजे ट्रकबरोबर जाणारी मालाची पावती. खाणीतून कोळसा भरून गाडी निघायची, काट्यावर वजन व्हायचं, मग ड्रायव्हर आमच्या खिडकीशी येऊन हात पुढे करायचा. एका गाडीनंतर दुसरी कधी लगेच यायची, कधी अख्खी दुपार यायची नाही. टेबलावर संगणक होता, त्याला नेट होतं, आणि आमचे मालक मागच्या खोलीत फोनवर ड्रायव्हरांना त्यांच्या बंजारा गोरबोलीत शिव्या देण्यात गुंतलेले असायचे. त्या रिकाम्या दुपारी मी एका मराठी संकेतस्थळावर जाऊन बसायला लागले.

तिथे गप्पांचं एक पान होतं. रोज सकाळी कुणीतरी ते उघडायचं आणि दिवसभर लोक येऊन काहीबाही लिहून जायचे. आज उपम्यात मीठ विसरलो. सोसायटीतल्या मांजरीला पिल्लं झाली. एकाला जांभई आली की दुसऱ्याला का येते? पुण्याचे, मुंबईचे, दोघं-तिघं अमेरिकेतले. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे म्हटल्यावर सगळ्यांनी आग्रह धरला, काहीतरी वऱ्हाडीत लिहा ना. मी लिहिलं, "काहून बाप्पा, मले काय सर्कसमधी आनलं का तुमी?" पानभर हसणं झालं. मलाही मजा आली. घरी मी आणि आई, दोघीच. आईला ऐकू कमी यायचं. दिवसभरात ड्रायव्हरांशी जे बोलणं व्हायचं त्यात गाडी नंबर आणि टनाखेरीज काही नसायचं. त्यामुळे ते पान मला हवंहवंसं वाटायला लागलं.

मग टीव्हीवर रोज आमचा जिल्हा दिसायला लागला. कापसाची ती वाईट वर्षं. गावागावांत गाड्या यायच्या, माईक यायचे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओट्यावर बसून पाणी प्यायची आणि निघून जायची. पानावरच्या लोकांचा माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला. मी मांजरीच्या पिल्लांवर काही लिहिलं की उत्तर यायचं, "तुमच्याकडे कसं आहे हो? बातम्या पाहवत नाहीत." आधी मी नीट सांगायचे. भाव काय मिळतो, फवारणीला किती जातं, बोंडं कशी किडतात. पुढे लक्षात आलं की वाचायचं कुणालाच नाही. दोन ओळी हळहळ लिहून ते परत उपम्यावर जायचे.

अमेरिकेतल्या एका बाईंनी मला खासगीत निरोप पाठवला. "विचारू का? तुमच्या घरात कुणी...?" आणि पुढे नुसती टिंबं. मी कळवलं की नाही, आमच्याकडे सगळे धड आहेत. भाऊ महागाव तालुक्यात शेती करतो, कापूस लावतो, वैतागतो, जेवतो, झोपतो. बाईंचं उत्तर आलं, "बरं झालं हो." त्यानंतर त्यांनी मला कधी निरोप पाठवला नाही. मेलेलं कुणी नसेल तर माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नसावं.

पण माझं खरं वैर जमलं ते पुण्याच्या एका गृहस्थाशी. निवृत्त इंजिनियर. पानावर सगळ्यात जास्त तेच लिहायचे. शब्द शुद्ध कसा लिहावा, चहात आलं कधी घालावं, सगळं त्यांना ठाऊक. बायकोवर विनोद करायचे, "आमच्या हिनं आज पुन्हा भाजी करपवली", आणि खाली हसणाऱ्यांची रांग लागायची. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सहज विचारतो, आपलं आडनाव?" मी सांगितलं. ते आडनाव वाचून आमच्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला होता हे कुणालाही कळतं. त्यानंतर गृहस्थ माझ्याशी जरा जास्तच विनयानं लिहायला लागले. "आपल्या समाजानं शिक्षणात चांगलीच प्रगती केली." मी आदल्या दिवशी शेवयांची खीर कशी फसली ते लिहिलं होतं. खिरीखाली हे उत्तर.

मी लिहिलं, "काका, खीर नासली, समाज नाही." काही जण हसले. ते हसले नाहीत.

आणि मग गॉगलची गोष्ट झाली. माझ्या भावाला कापूस वेचताना दुपारी डोळ्यांना त्रास व्हायचा. फुटलेल्या कापसाचं शेत उन्हात असं चकाकतं की बघवत नाही. तो उमरखेडच्या बाजारात गेला आणि काळा गॉगल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी गॉगल लावून शेतात. वेचणाऱ्या बाया हसून हसून खाली बसल्या. एक म्हणाली, "शुटिंग हाय का जी आज?" भाऊ म्हणाला, "हाय न. तुमी मागच्या लाइनीत नाचा." मला फोनवर त्यानंच सांगितलं आणि मी जसंच्या तसं पानावर लिहिलं. लोकांना आवडलं. संध्याकाळी गृहस्थांनी खाली लिहिलं:

"एवढ्या संकटातला शेतकरी गॉगल घेतो, बायकांशी थट्टा करतो आणि त्याची बहीण दिवसभर नेटवर विनोद लिहिते. माफ करा, हे पटत नाही. शिवाय या बाई कोळशाच्या ट्रकविषयी लिहीत असतात. यवतमाळात कोळसा? बाई, आपण नक्की कुठून लिहिता?"

मी ते दोनदा वाचलं. मी लिहिलं की वणी यवतमाळ जिल्ह्यातच आहे, नकाशा उघडून बघा. ते म्हणाले, नकाशा कुणालाही उघडता येतो. कुणीतरी समजूतदारपणानं सुचवलं, एखादा फोटो टाका ना, शेताचा, भावाचा, म्हणजे विषय संपेल. अमेरिकेतल्या बाई म्हणाल्या, "मलाही थोडी शंका आलीच होती."

फोटो काढणं अवघड नव्हतं. पण मी टाकला नाही. उपम्यात मीठ विसरणाऱ्याला कुणी उपम्याचा फोटो मागितला नव्हता. मी तसं लिहिलं आणि तिथून भांडणच सुरू झालं. रोज सकाळी पान उघडलं की मी आधी त्यांचं लिखाण शोधायचे. त्यांनी पावसावर चार ओळी लिहिल्या की मी त्यांची शुद्धलेखनाची चूक काढायचे. मी काही लिहिलं की ते विचारायचे, "हे कुठल्या जिल्ह्यातलं?" लोक कंटाळले. मी कंटाळले नाही. खरं सांगायचं तर त्या काळात मी सकाळी ऑफिसात भांडायलाच लवकर जात होते.

एक दिवस त्यांनी जाहीर केलं की नात्यातल्या लग्नाला चंद्रपूरला निघालो आहे, वाटेत वणी लागतं, तेव्हा बाईंची भेट घेऊनच येतो. खाली टाळ्या पडल्या. मला वाटलं, बडबड आहे, कोण येतंय.

ते आले. भर दुपारी ऑफिससमोर पांढरी गाडी थांबली. बाहेर कोळशाच्या धुळीनं सगळं काळं, झाडाची पानंसुद्धा, त्यात ती गाडी लग्नातल्या नवरदेवासारखी दिसत होती. उंच, गोरे गृहस्थ उतरले, रुमाल नाकाला. मागून एक ठेंगण्या बाई, हातात पर्स गच्च धरलेली. ऑफिसचं नाव मी भांडणाच्या भरात केव्हाच पानावर लिहून टाकलं होतं, बाहेर नाव आणि फोन नंबराची पाटी होती आणि खिडकीत बसणारी बाई मी एकटीच, तेव्हा शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आत येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, टेबलावरच्या बिल्ट्यांकडे बघितलं.

"म्हणजे आहात तर खऱ्या," ते म्हणाले आणि हसले. मी हात मिळवायला उठेन असं त्यांना वाटलं असावं.

मी उठले नाही. "मी आहे. तुम्ही कोण?"

"अहो, मी... ओळखलं नाही? पानावरचा."

"पानावर कुणीही काहीही लिहितं. ओळखपत्र आहे का?"

त्यांना आधी थट्टा वाटली. मी हात पुढे करून तशीच बसले. ड्रायव्हर बिल्टीसाठी करतो तसा. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी इतक्या लांबून आपल्याला भेटायला आलोय. ही काय पद्धत झाली?"

मागच्या खोलीतून मालक बाहेर आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण आवाज चढला की ते येतातच. "काय झालं, ताई?"

"हे म्हणतात, मी तोच पुण्याचा. मी म्हणते, कागद दाखवा."

मालकांनी गृहस्थांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग दाखवा न साहेब. येथी कागदाबिगर गाडीबी नाही सुटत."

गृहस्थ वळले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्या बायको मात्र दारातच उभ्या राहिल्या. घामानं थबथबलेल्या. म्हणाल्या, "मला जरा पाणी मिळेल का?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मालकांनी समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. बाहेर हॉर्न वाजला. बाई दचकल्या, पण बसून राहिल्या.

"त्यांनी सांगितलं, एक मैत्रीण आहे वणीला," त्या म्हणाल्या. "घरी ते फार बोलत नाहीत. दिवसभर त्या मशीनसमोर बसून एकटेच हसतात. तिथे काय बोलतात हो?"

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि पान दाखवलं. त्या पुढे वाकून वाचायला लागल्या. मांजर, जांभई, आलं. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. आमच्या हिनं आज पुन्हा भाजी करपवली. खाली सरकल्या. आणखी एकदा. आमच्या हिला रस्ता विचारला तर माहेरी पोचवेल. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

"मी भाजी करपवत नाही," बाई म्हणाल्या. मला नाही, त्या पडद्याला म्हणाल्या.

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला आणि सावकाश, फुंकर घालत प्यायला. मालकांनी विचारलं, साहेबांना गाडीत नेऊन देऊ का एक कप? बाई म्हणाल्या, "नको. त्यांना बाहेरचा चालत नाही." हॉर्न वाजत राहिला. रांगेतल्या एका ट्रक ड्रायव्हरला ती चेष्टा वाटली, त्यानंही आपला भोंगा दाबला, मग मागच्यानं दाबला. बाईंनी कप-बशी टेबलावर ठेवली, तोंड पुसलं, पानाचं नाव मला विचारून घेतलं आणि उठल्या.

गाडी गेल्यावर मी मालकांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "काहून नाही सांगतलं आधी? चाकातली हवाच काढून टाकली असती न."

आठवड्याभरानं गृहस्थांनी पानावर भेटीचा वृत्तांत लिहिला. मोठा, परिच्छेद पाडून. त्यात मी दारात वाट बघत उभी होते. त्यात मी त्यांना वाकून नमस्कार केला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि त्यांना कळून चुकलं की दुःखातही हसणारी ही माणसं किती मोठ्या मनाची असतात. शेवटी त्यांनी सर्वांसमक्ष आपली शंका मागे घेतली होती. खाली लोक गहिवरले होते. "डोळे पाणावले." "तुमचं मन मोठं, काका." अमेरिकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, "मला खात्री होतीच."

एवढी चीड मला त्यांच्या संशयाचीही आली नव्हती. खोटी म्हणाले तेव्हा निदान मी माझीच होते. आता त्यांनी मला खरी करून टाकली, आणि ती बाई मी नव्हतेच. मी एकच ओळ लिहिली: "चहा तुमच्या बायकोनं घेतला. तुम्ही गाडीत बसून हॉर्न वाजवत होता."

ती ओळ थोडाच वेळ टिकली. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी वैयक्तिक हल्ला म्हणून ती पुसली आणि माझं खातं बंद केलं. काय झालं ते मला कुणी विचारलं नाही. पान चालूच राहिलं. मला फक्त वाचता यायचं, लिहिता येत नव्हतं. काही दिवस मी वाचलंही. कुणाच्या तरी कुंडीतली मिरची वाढत नव्हती.

उन्हाळ्यात ऑफिसचा फोन वाजला. मला वाटलं, काट्यावरून असेल. पलीकडे बाईचा आवाज होता. ओळख द्यायला त्यांनी जरा वेळ घेतला, मग म्हणाल्या, त्या दुपारी तुमच्या पाटीवरून नंबर घेतला होता.

"तुमची ती ओळ मी वाचली होती," त्या म्हणाल्या. "पुसायच्या आधी. शेजारच्या मुलीकडून पान उघडून घेतलं होतं."

मी म्हटलं, "मग घरी काय झालं?"

"फार चिडले. ताटावरून उठून गेले."

"तुम्हाला त्रास झाला असेल."

मागे कुकरची शिटी झाली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी जेवले. त्या दिवशी भरली वांगी केली होती, फार छान झाली होती." मग वांगी भरताना मी दाण्याचा कूट घेते की तीळ, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही, आणि जरा जवस. जवस कुठला आणू, इथे चांगला मिळत नाही, असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात खिडकीशी गाडी लागली. मी त्यांना थांबा म्हटलं, रिसीव्हर खांद्यात धरला आणि बिल्टी फाडायला घेतली.