सुपारीच्या ताटलीतली कॅप्सूल

अख्ख्या दिल्लीत, आणि दिल्ली हल्ली जिथे जिथे पसरली आहे त्या नॉयडा-गुडगाव-द्वारकेतसुद्धा, माणसांच्या पोटाची इतक्या प्रेमानं वाट लावणारा दुसरा माणूस झाला नसेल. मी हे रागानं लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस राहिलेला नाही, म्हणून कागदावर काढते. आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर आणि ते आमच्या बरोबर खाली, एवढंच त्या नावामागचं कारण. पुढे बाबू लोकांनी मिळून द्वारकेला सोसायटी काढली आणि त्यात काकांना सातव्या मजल्यावर फ्लॅट लागला, तरी ते खालचे काकाच राहिले. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा सवयीनं गेटवरच्या चौकीदाराला विचारलं, "नीचे वाले अंकल कहाँ रहते हैं?" त्यानं तळमजल्याची चारी दारं मला वाजवायला लावली. वरून काका बाल्कनीतून वाकून, माझ्या मोर्चांवरून चिडवत ओरडत होते, "अरे पुढारीणबाई, जनतेला का उठवता? वर या!"

काका मूळचे नागपूरचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. कारखान्यांना परवाने देणाऱ्या विभागात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि मग एक दिवस सरकारनं सांगितलं की यापुढे बहुतेक परवाने लागणारच नाहीत. माझे बाबा म्हणायचे, "देशानं दारं उघडली आणि ह्याच्या टेबलावरच्या फायली वाऱ्यानं उडून गेल्या." दुसरा कुणी खचला असता. काकांनी तोंड उघडलं. बाजारात जे जे नवं आलं ते ते काकांनी बिनपरवाना आत सोडलं. सकाळी पाटोडीचा रस्सा, दुपारी ऑफिसच्या कोपऱ्यावर छोले-भटुरे, घरी येताना करोल बागेत मुद्दाम उतरून गोलगप्पे, आणि रात्री रंगीत पाकिटातल्या नूडल्स, त्यावर काकूंनी कुटलेला लवंगी मिरचीचा ठेचा आणि वरून विदेशी कोला. "आता स्पर्धेचं युग आहे," ते ढेकर देत म्हणायचे, "पोटालाही संरक्षण देऊन चालणार नाही."

अशा पोटात जाळ व्हायचाच. सुरुवातीला त्यावर एक गुलाबी पातळ औषध होतं. त्याची बाटली स्कूटरच्या डिकीत असायची आणि लाल सिग्नलला स्कूटर थांबली की काका खाली उतरून, डिकी उघडून, बाटली तोंडाला लावायचे. एकदा धौला कुआँच्या चौकात ट्रॅफिकच्या हवालदारानं त्यांना दारू पिताना पकडलं. वास घेतला तर पेपरमिंटचा. काकांनी शांतपणे झाकणभर ओतून त्याच्यापुढे धरलं, "लीजिए भाईसाब, आपको भी होती होगी. दिनभर धूप में खड़े रहते हैं." तो ते प्यायला आणि त्यानं चक्क सलाम ठोकला. ही गोष्ट काका इतक्यांदा सांगत की ऐकून ऐकून आमच्याही घशाशी येई.

मग कॅप्सूल आली. कुठल्याशा डॉक्टरनं काकांना ती काही आठवड्यांसाठी लिहून दिली होती, आणि नंतर परत दाखवायला या, असंही सांगितलं होतं. आठवडाभरात जळजळ थांबली, तेव्हा काका डॉक्टरला विसरले आणि कॅप्सूलला चिकटले. ते काही आठवडे कित्येक वर्षं चालले. मार्केटातला केमिस्ट त्यांना लांबून बघूनच विचारायचा, "अंकल, पत्ता दूँ या पूरा डिब्बा?" पत्ता म्हणजे कॅप्सूलची एक पट्टी. कुणी चिठ्ठी मागितली नाही, कुणी विचारलं नाही की एवढ्या कॅप्सूल कशाला. याच देशात रेशनचं रॉकेल घ्यायचं तर चार सह्या लागतात.

काकांचं यावर सरकारी तत्त्वज्ञान होतं. "तक्रार आली, तक्रार निकाली काढली, फाईल बंद. आता तक्रार का आली, कुणी केली, यात शिरलो तर खातं चालायचं नाही."

"काका, तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणजे तक्रार मिटत नाही."

"हे तुमचं मोर्चातलं भाषण झालं. पोटाला लागू नाही."

काका एकटे घेत असते तर एक वेळ मी गप्प बसले असते. (बसले नसते. पण असो.) त्यांचा खरा गुन्हा म्हणजे त्यांचा पाहुणचार. दिल्लीतल्या मराठी घरांत पाहुणे येतात ते जेवायलाच, कारण दोन घरांमधलं अंतरच एवढं की नुसत्या चहासाठी कुणी बस बदलत नाही. तर काकूंच्या हातचं जेवण झालं, सगळे सैल होऊन बसले, की काका आतून स्टीलची ताटली आणायचे. तिच्यात बडीशेप, कातरलेली सुपारी, खडीसाखर, आणि मधोमध कात्रीनं एकेक सुटी केलेली कॅप्सूल. "घ्या, लाजू नका. पचेल." लोक घ्यायचे! शिकलेले, पगारदार, मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे लोक बडीशेपेबरोबर कॅप्सूल उचलायचे, आणि एक घरच्यांसाठी रुमालात बांधायचे. ही कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची असते, अर्धा-पाऊण तास आधी, आणि ती पाचक नाही, हे ओरडून माझा घसा बसला. काकूंच्या म्हाताऱ्या आईला कॅप्सूल गिळवेना, तर काकांनी ती उघडून आतले साबुदाण्यासारखे दाणे खलबत्त्यात कुटले आणि ताकातून दिले. मी किंचाळले, "काका, त्या दाण्यांवर लेप असतो! पोटातल्या आम्लातून ते शाबूत पुढे जावेत म्हणून! कुटल्यावर उरलं काय?" काकांनी खलबत्ता पुसला आणि म्हणाले, "प्रेम उरलं ना."

आता माझं सांगते. पहाडगंजला एका होलसेल कागदवाल्याच्या माडीवर आमचा गट जमायचा. आम्ही औषधांविषयी पत्रकं काढायचो आणि बसस्टॉपवर वाटायचो. आमच्यातल्या डॉक्टरबाईंना विचारून मी खास काकांसाठी एक पत्रक लिहिलं. आम्ल कमी करणारं औषध वाईट नाही, ज्याला हवं त्याला ते वाचवतं, पण ते डॉक्टरनं सांगितलंय तेवढेच दिवस घ्या. मनानं सुरू करू नका आणि चालू असलेलं मनानं बंदही करू नका. दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता ते डॉक्टरला सांगा, दुसऱ्याची गोळी आपली समजू नका. आणि वजन आपोआप उतरू लागलं, घास अडकू लागला, दोन घासांत पोट भरू लागलं, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं दिसलं, तर कॅप्सूलनं भागतंय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी धावा. वर मोठ्या टाइपात "जनतेनो, जागे व्हा!" काकांनी ते चष्मा लावून वाचलं आणि समासात, मंत्रालयात लिहितात तशा तिरप्या अक्षरात शेरा मारून परत दिलं: "पाहिले. मसुदा जोरकस. 'जनतेनो' वगळावे. यथावकाश चर्चा करावी."

ती चर्चा द्वारकेला झाली. बुद्धपौर्णिमेचं जेवण होतं. बाहेर मे महिना, सातव्या मजल्यावर टँकरचं पाणी बादलीनं चढवलेलं, आणि आत नव्या घरात जुन्या आर. के. पुरमची सगळी मंडळी. काका दारात उभे होते आणि मला ते ओळखूच आले नाहीत. शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. मंडळी खूश होती. "वा साहेब, फिट झालात!" "डायटिंग का? यार, हमें भी बताओ." काका पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं कौतुकानं दाखवत होते. पंगत बसली. काका दुसऱ्यांना आग्रह करत होते, वडाभातावर नागपुरी पद्धतीनं तेल ओतत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या ताटातली खिरीची वाटी तशीच भरलेली होती. दोन घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. "भरलं बुवा."

मला समारंभाची भाषा येत नाही. मी त्यांच्या समोर बसले होते, तिथूनच विचारलं, "काका, शौचाला काळं होतं का?"

 कुणाची तरी खीर परत वाटीत गेली. माझ्या आईनं शेजारून मला कोपर मारलं. आधीच जेवून उठलेल्या एका पाहुण्यांचा हात ताटलीतल्या कॅप्सूलकडे गेला होता, तो मधेच थबकला आणि त्यांनी बडीशेप उचलली.

"हा विषय," काका शक्य तेवढ्या भारदस्तपणे म्हणाले, "या सभेच्या कक्षेत येत नाही."

"होतं," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. हातात पोळीचं लाटणं तसंच. "होळीपासून होतंय. संडास मीच धुते ना. मला वाटलं, ताकदीच्या, लोहाच्या गोळ्या घेत असतील, त्यानं काळं होतं म्हणे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. फुटलेल्या गोपनीय फायलीकडे पाहावं तसं. मग हळूच म्हणाले, "जळत तर नव्हतं काही. जळत असतं तर गेलोच असतो ना दाखवायला."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. नळी घालून पोट तपासलं, तुकडा काढला, कॅन्सर निघाला, मग पोट उघडलं, अर्ध्याहून जास्त काढून टाकलं. सर्जन तरुण होता, दमलेला होता. त्यानं बाबांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दवा ने बीमारी नहीं दी, अंकल. दवा ने बस पेट को चुप करा रखा था. बीमारी अंदर-अंदर अपना काम करती रही. साल-दो साल पहले आते तो बात और थी." मी तिथे भिंतीला टेकून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाविरुद्ध घोषणा द्यायची ते कळेना. केमिस्टविरुद्ध? कंपनीविरुद्ध? त्या अर्ध्या पंगतीविरुद्ध, जी फिट झालात म्हणून टाळ्या देत होती?

काका त्यानंतर जेमतेम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होते. मी आणखी जोरकस पत्रकं काढली. बसस्टॉपवर लोकांनी त्यात भजी बांधून खाल्ली. काकांच्या पुण्यानुमोदनाला द्वारकेत मंडळी जमली, भंतेजींचं वंदन झालं, जेवणं झाली, आणि एक गृहस्थ पोट चोळत माझ्या कानाशी लागले, "बेटा, वडा जरा जड झाला. काकांची ती कॅप्सूल असेल का घरात?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते बाबांच्या वयाचे होते. एवढंच लिहिते की त्यांना माझ्या रागाचं कारण समजलं नाही. आजही समजलं नसेल. आजही कुठल्या तरी घरात जेवणानंतर कुणी तरी कुणाला तरी प्रेमानं विचारत असेल, घेता का एक, आणि समोरचा घेत असेल.

पण मला काका आठवतात ते त्या शेवटच्या हिवाळ्यातले. ऑपरेशनची जखम भरली होती. द्वारकेच्या बाल्कनीत ऊन यायचं. समोर आणखी एक सोसायटी उभी राहत होती, आणि तिची बारीक धूळ काकांच्या शालीवर बसायची. डॉक्टरांनी थोडं थोडं मऊ खायला सांगितलं होतं, आणि काकू दिवसातून कितीदा तरी वाटीत मऊ भात आणि मुगाचं वरण कालवून आणायच्या, आणि काका एखादा घास घेऊन मान फिरवायचे. त्या दिवशी मी नुसतीच शेजारी बसले होते. काकांनी एकदम माझं मनगट धरलं.

"अगं ए."

"काय काका? दुखतंय? जळजळ होते आहे का?"

"नाही ना," ते म्हणाले. त्यांनी दुसरा हात पोटावर ठेवला होता, आतलं काही ऐकत असल्यासारखा. "भूक लागली. ही भूक आहे गं. वेगळीच असते. मी विसरूनच गेलो होतो, कशी असते ती."

मी हाक मारायच्या आतच पलीकडे बसलेल्या काकू उठल्या होत्या. आत भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. काका डोळे मिटून तसेच बसून राहिले, अगदी न हलता, शाल सावरायलाही हात न उचलता. आतून काकूंची घाई ऐकू येत होती.

"सावकाश आण म्हणावं तिला," काका कुजबुजले. "आहे ती भूक अजून."