नाम्याचं पुस्तक आन् माझा नावाडी

नाम्या गेल्याची खबर आली तवा मी बदनापूरच्या टेशनावर टेशनमास्तरची नक्कल करून राह्यल्तो. हमाल पोट धरून हसत होते. मागं नाम्याचे काका उभे. ते तेवढे हसंनात. "बराबर करतूस," म्हणले, "पण आता चल. नाम्या गेला रे... तापानं." पहिला विचार काय आला, खरं सांगतो. लोकं माझ्याकडं बघून राह्यल्ते, आन् या लेकानं तिथं बी खेळ मोडला!

नाम्यावर मी लहानपणापासून जळायचो. निजामाचं राज, शाळेत सारं उर्दूत. मराठी तो आईजवळ शिकला, फडाफडा वाचायचा, मी अडखळायचो. मामानं त्याला पोरांसाठीची एक कादंबरी आणून दिल्ती, हरवलेल्या घोडीमागं निघालेल्या पोराची. सुट्टीत मारुतीच्या पारावर तो वाचायचा आन् मी त्याच्याकडं पाठ करून, तो वाचील तशी गोष्टीतल्या माणसांची लोकांपुढं सोंगं काढायचो. पाण्याला भिणारा नावाडी माझा खास. "आदी तूच जा बा! बुडला न्हाईस तर हाक मार!" गाव हसून लोळायचं. मला अजून समदे 'नावाडी'च म्हणतात. पण हसू सरलं की तोंडं फिरायची नाम्याकडं, "मंग, पुढं काय झालं?" मला हे कुणी कधी इचारलं न्हाई.

पुस्तक मातर हातात देत न्हवता. "तू सोंग कर, वाचायचं माझ्याकडं." आन् बोटाला थुंकी लावून पुढचं पान. कंजूस कुठला!

तेरावं झाल्यावर त्याच्या आईला म्हणलं, "मावशी, पुस्तक नेऊ का? पारावर मी वाचतो आता." मावशीनं ट्रंकेतून काढलं. "ने बाबा. सुट्टीच्या आदी घरी बसून बिलकुल तुझा आवाज काढायचा तो. लई हसवायचा मला..." म्हंजे नक्कल बी येत होती याला!

घरी वाचाया बसलो. आता अडखळत न्हाई. नदी आली. पोरगं गुडघाभर पाण्यातून चालत पल्याड गेलं. नाव न्हाई, नावाडी न्हाई. पान फाटलं म्हणावं तर आकडे बराबर. तीनदा बघितलं... नावाडी माझ्यासाठी रचायचा तो, पुस्तकात डोकं घालून. माझं म्हणावं असं एकच होतं, ते बी त्याचंच निघालं.

दुसऱ्या दिवशी पारावर वाचलं. नदी आली. बोटाला थुंकी लावली, पान तेच ठेवलं, आन् नावाडी काढला. लोकं हसली. मंग सगळी तोंडं माझ्याकडं, "पुढं काय झालं?"

जल्मभर ज्याच्यासाठी जळलो ते आलं, आन् मी बाजूला बघितलं... नाम्याच्या जागेकडं.

पुस्तक आता माझ्या ट्रंकेत आहे. लोकं मागतात. मी हातात देत न्हाई. कंजूस म्हणतात मला.