पाहुण्यासमोरचे चाळीस सेकंद

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत माझ्या स्टॉपवॉचचा असा दरारा होता, की मी गेटातून आत शिरलो की लेथसुद्धा पोट आत घेऊन उभे राहत. निदान पुण्याला फोनवर मी तसं सांगत असे.

तिथल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात जुळणीच्या टेबलावर एक अक्का बसायच्या. मालकांनी मला बजावलं होतं, "कामाची मांडणी सुधारा. वेळ वाचला तर टेबल इथेच. नाहीतर जुळणी आनेकलच्या शेडमध्ये हलवतो." अक्कांचं घर येलहंक्याला. आनेकल म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. म्हणजे नोकरी सुटलीच.

पहिल्या दिवशी मी मोजलं होतं: एका व्हॉल्व्हला चाळीस सेकंद. मग ट्रे त्यांच्या हाताशी आणले, नट पिळायचे पाने डोक्यावर टांगले, आणि महिन्याने फेरमोजणीला उभा राहिलो. मालक इतके खेटून उभे, की त्यांच्या सांबारातला हिंग मला कळत होता.

पहिला व्हॉल्व्ह एकेचाळीस. दुसरा चाळीस. तिसरा बेचाळीस.

मालक गुपचूप फोन काढून टेम्पोवाल्याचा नंबर शोधू लागले. माझा अंगठा बटणावर घामाने निसटत होता. दहा सेकंद आधी दाबायला माझ्यासारख्या थापाड्याला काय लागतं? पण मालकांचा एक डोळा त्या अंगठ्यावरच होता.

"अक्का, स्वल्प घाई करा की," मी पुटपुटलो.

"घाई त्या दिवशी केली होती, सर." त्यांचे हात थांबले नाहीत. "पाहुणा समोर उभा, आणि मी रमतगमत बसू? नंतर दोन दिवस खांदा वर होत नव्हता."

अख्ख्या जगात घड्याळवाला दिसला की कामगार हात आखडता घेतो. मला नेमक्या या भेटल्या.

"साहेब, माझा पहिला आकडाच चुकला," मी म्हणालो. आयुष्यात इतकं सरळ वाक्य मी क्वचितच बोललो असेन. "पाळीला किती ट्रे भरतात ते बघा. वही मागवा."

वही आली. मालक बोट ओलं करून एकेक पान उलटत राहिले. आधी पाळीला अकरा ट्रे, कधी दहा. गेला महिनाभर चौदाच्या खाली एकही दिवस नाही.

"मग त्या दिवशी तुम्ही काय मोजलंत?"

"पाहुणचार."

मालकांनी फोन खिशात टाकला. "सरी, ठीक आहे. टेबल राहू दे."

अक्कांनी पुढचा व्हॉल्व्ह उचलला. "सर, आता ते घड्याळपण आत ठेवा. तुम्ही समोर असलात की हात आवरावे लागतात, नाहीतर आपोआप पळतात."