तोवर धार टिकव

हे खरं तर मी कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. प्रणाली, अस्मिता आणि मी, तिघी मैत्रिणींनी विद्येची शपथ घेतली होती. पण किस्से सोयाबीनच्या शेंगांसारखे असतात. वेळेवर काढले नाहीत, तर तडकून आपोआप बाहेर सांडतात. आणि ज्या प्रणालीसोबत बसून मी ते पुन्हा पुन्हा उगाळायचे, ती जूनपासून पुण्याला आहे. म्हणून लिहिते. वाट मात्र सांगणार नाही!

आमचं गाव बुलढाण्याजवळ, डोंगराच्या कडेला. तिथून पायी पाऊण तासावर एक धबधबा आहे. फार मोठा नाही. दोन माणसं एकावर एक उभी केली, तर वरच्याचा हात काठाला लागेल. पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास आटतो.

*

मुलींनी नुसतं फिरायला जायचं, असं आमच्याकडे नसतं. हातात काहीतरी काम हवं. गेल्या वर्षी ते प्रणालीने शोधलं. हरतालिकेची पत्री! तिच्या काकूने बजावलं, "सोळा तऱ्हेची पानं आणजा."

अस्मिताचं घर बौद्ध, त्यांच्याकडे हरतालिका नसते. तिच्या आईने विचारलं, "आपल्या घरी हे कवापासून वं?"

"मी पानं तोडाले चालली, उपास कराले नाही!" अस्मिता म्हणाली आणि निघाली.

पाण्याखाली इतका वेळ गेला, की पत्री विसरूनच गेलो. परतताना शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून हाताला लागेल ते ओरबाडलं. काकूने ओट्यावर पानं पसरली, एकेक वेगळं केलं, आणि एक पान उचलून धरलं.

"प्रणाली, ह्यात सोयाबीन काऊन आहे वं?"

मी जमिनीकडे बघू लागले. प्रणाली अगदी शांतपणे म्हणाली, "महादेवाले प्रोटीन!"

काकू इतकी हसली, की तिघींचे केस ओले का आहेत, हे विचारायचंच राहून गेलं.

*

एकदा प्रणालीची आतेबहीण आली होती, संभाजीनगरची. शपथ घ्यायला लावून तिला नेलं. काट्याकुट्यातून चालून बिचारी दमली. धबधब्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"छान आहे. पण मेन धबधबा कुठाय?"

अस्मिता म्हणाली, "मेन बुलढाण्याले आहे, ही शाखा आहे!"

*

वाटेत पायऱ्यांची एक जुनी विहीर लागते. वरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, त्यांची सावली पाण्यात हलते. विहिरीत वाकून ओरडलं, की आवाज परत येतो. प्रणालीने स्वतःचं नाव घेतलं, ते तीनदा परत आलं. अस्मिताचं दोनदा. मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी पण ओरडले. म्हणजे मला तरी तसं वाटलं. काहीच परत आलं नाही.

प्रणालीने विहिरीला कान लावल्यासारखं केलं. "वैशू, विहीर म्हणते, काय म्हणाली वं पोरी? पुन्हा सांग!"

आता मी आणि अस्मिता दोघीच जातो. विहिरीपाशी थोडं थांबतो. ओरडायचं कोणी नावच काढत नाही.

*

प्रणालीच्या वडिलांना पुण्याला कंपनीत काम लागलं आणि सगळं घर तिकडे गेलं. काकू तेवढी इथे आहे. दर रविवारी मी बाबांचा फोन घेऊन गावाबाहेरच्या मोठ्या दगडावर चढते. रेंज तिथेच येते. प्रणाली आधी "कशी आहेस" विचारत नाही. पहिला प्रश्न, "धार किती आहे?"

श्रावणात मी सांगितलं, बादलीएवढी. भाद्रपदात, तांब्याएवढी. पुढे पुढे मी जरा वाढवूनच सांगू लागले.

मग एका रविवारी ती म्हणाली, "दिवाळीत दोन दिवस काकूकडे येऊन राह्यली मी! तोवर धार टिकव, वैशू."

अस्मिता शेजारीच होती. "ही काय गॅसची शेगडी आहे, बारीक करून ठेवाले?"

दिवाळीला बारा दिवस असताना धार बंद झाली. काठावर नुसता काळा ओला पट्टा. त्या रविवारी प्रणालीने विचारलं. मी म्हणाले, "आहे."

फोन ठेवल्यावर अस्मिता माझ्याकडे बघतच राहिली. "माय वं! खोटं बोलली? तू?"

मला रडू येत होतं. पाणी नाही म्हटलं असतं आणि ती आलीच नसती तर? अस्मिता गवताची काडी चावू लागली. मग म्हणाली, "गावाले पाणी नसलं त टँकर येते. मंग धबधब्याले काऊन नाही?"

*

तेलाच्या दोन रिकाम्या कॅन होत्या, पाच-पाच लिटरच्या. पाडव्याच्या सकाळी मी एकटीच लवकर निघाले, विहिरीत उतरून त्या भरल्या आणि मागच्या बाजूने धबधब्याच्या वर नेऊन ठेवल्या. चार वेळा खाली टेकवाव्या लागल्या. मग काठाजवळ पालथी पडून राहिले.

उन्हं वर आल्यावर खालून आवाज आला. अस्मिता सांगत होती, "वैशू मागून येऊन राह्यली. तू डोळे बंद कर. बंद म्हणजे बंद! आता इथी उभी राह्य."

मी दोन्ही कॅन एकदम उलट्या केल्या. पाणी हळूहळू सोडायचं ठरलं होतं, पण घाई झाली. पाणी दगडावरून घरंगळलं आणि खाली गेलं. एवढ्याशा वेळात संपलं, रिकाम्या कॅन दगडावर खडखडल्या.

मी मान पुढे काढून बघितलं. प्रणाली तशीच उभी होती, डोळे मिटलेले, ओंजळ पुढे धरलेली. वरून काहीच पडत नव्हतं. अस्मिता ओढणीने स्वतःचं भिजलेलं तोंड पुसत होती.

"धार चांगली आहे वं यंदा," प्रणाली म्हणाली.

मग डोळे न उघडताच तिने मान वर केली.

"वैशू, कॅन जड होत्या का वं?"

मला खरं तर तिला एवढंच सांगायचं होतं, की

"वैशू! अवं, टाकी वाहून राह्यली, मोटर बंद कर!" आई घरातून ओरडतेय, वही इथेच मिटते.