टीव्हीच्या खोक्यातली अंडी

रंगीत टीव्ही आला त्या वर्षी जुन्या शटरच्या टीव्हीचं काय करायचं, यावर आमच्या घरात बराच खल झाला. त्यात कपबशा मांडायचा माझा बेत होता. एका रविवारी नवऱ्याने आतलं सगळं सामान काढून टाकलं, पुढे साधी काच बसवली, मागे बारीक जाळीचं दार लावलं. मी खूश! बाईला वाटलं, नवरा आपल्यासाठी शोकेस करतोय. चाळिशी आली तरी या बाईला नवरा कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एसटीच्या वर्कशॉपमधून आला तो हातात उशीचा अभ्रा घेऊन. अभ्रा माझा. त्यावरचा मोर मी लग्नाआधी भरलेला. आणि त्या मोराचं पोट हलत होतं.

"काय हाय त्यात?"

"धामण. ऊसतोडीत शेपटीपाशी कोयता लागलाय बिचारीला. जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातल्यात. वनखात्याच्या माणसाला सांगून आणलीय. जखम भरंस्तोवर राहील."

"कुठं राहील?"

त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं.

नवरा साप पकडून लांब सोडून येतो, हे मला माहीत होतं. चारचौघांत मी ते मिरवतही असे. "आमच्यांना भीती म्हणून न्हाईच," असं सांगताना जणू साप मीच पकडते असा थाट असायचा. पण पुरुषभर लांबीचा साप बैठकीच्या खोलीत, रंगीत टीव्हीच्या शेजारी बघितला आणि सगळा थाट गळाला. मी पलंगावर चढले आणि रात्रीचा स्वयंपाक करायलाच तेवढी खाली उतरले.

नवरा सकाळी धामणीला झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालायचा, खोकं पुसायचा आणि ड्युटीवर जायच्या आधी तिला परत आत सोडायचा. त्याचं पुसणं म्हणजे नुसता फडका फिरवणं. सापाची घाण काय वास मारते हे ज्याने हुंगलंय त्यालाच कळेल. मला तर तोवर साप घाण करतो हेच ठाऊक नव्हतं. देवाचं जनावर, नागपंचमीला ज्याची पूजा करायची, ते असलं काही करेल असं मनातच आलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी जाहीर केलं, "तुम्ही फक्त तिला डब्यात घाला. खोकं मी धुणार."

आणि धुतलं. फिनेलने. फिनेलवर माझा फार जीव. मोरी, ओटा, अंगण, हाती लागेल ते मी फिनेलने पुसत असे. एखादा पाहुणा जास्त वेळ बसला असता तर त्यालाही पुसलं असतं. वर शाबासकी म्हणून जाळीचं दार उघडून वाटीभर ताजं म्हशीचं दूधही आत ठेवलं. नवरा तिला आत सोडायला आला, खोक्यात डोकं घातलं आणि झटक्यात मागे सरला.

"हिला मारायचं ठरवलंयस काय गं?"

"स्वच्छ केलंय की!"

"तुला डोळं चुरचुरत न्हाईत? ती त्यात कोंडून राहणार हाय. आणि दूध कुणासाठी?"

"तिला."

"ती पीत न्हाई. त्यात बसंल."

शेवटी त्याने खोकं गरम पाण्याने चारदा धुतलं, उन्हात टाकलं आणि त्या दिवशी धामण डब्यातच राहिली. दूध मांजराने प्यायलं. माझं इतक्या वर्षांचं पुण्य त्या मांजराच्या पोटात गेलं.

मग मी शिकले. गरम पाणी, ऊन, कोरडा फडका, तळाला वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचं काम मी मन लावून करत असे. पुढाऱ्यांचे फोटो असलेलं पान हटकून वर यायचं. धामणही कधी निराश करायची नाही.

उन्हाळा तापायला लागला तेव्हाची गोष्ट. सकाळी नवरा दाढी करत होता. म्हटलं, पान बदलायची वेळ झालीय का बघावं, म्हणून शटर सरकवलं. काचेआड धामणीच्या वेटोळ्याखाली काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं, बाईने लसूण कुठून आणला? वेटोळं जरा हललं आणि मला कळलं. उकडून सोललेल्या अंड्यांसारखी लांबट अंडी, एकमेकांना चिकटलेली. मी अशी ओरडले की नवरा गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. मला काही झालंय असं त्याला वाटलं. मी धड आहे हे बघून तो माझ्याकडे पुन्हा वळलाही नाही.

"अगं बाई," तो एवढंच म्हणाला. हा माणूस नागाला शेपटीने उचलणारा, पण गालावरचा साबण पुसायचंही त्याला सुचेना.

धामणीला डब्यात घालून त्याने अंड्यांचा तो घोस जसा होता तसा, जराही न फिरवता, वाळू घातलेल्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवला. पेन्सिलने प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला फुली काढली.

"ह्या फुल्या वरच राहिल्या पाहिजेत. अंडं उलटं झालं की आतलं पिल्लू मरतंय. आणि वाळू दमट पाहिजे."

"मला कशाला सांगताय?"

"मी दिवसभर वर्कशॉपात. घरात कोण असतंय?"

आठवड्याभरात धामणीची जखम भरली. वनखात्याचा माणूस येऊन तिला राधानगरीच्या जंगलात सोडायला घेऊन गेला. आई सुटली आणि तिची सगळी लेकरं माझ्या गळ्यात पडली. पाल दिसली तरी किंचाळणाऱ्या बाईच्या! शेजारणींनी विचारलं तर काय सांगायचं, हेही मला सुचेना, म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही.

आता दमट म्हणजे किती, हे कोण सांगणार? पहिले काही दिवस मी तुळशीला घालावं तसं पाणी घातलं. एक अंडं हिरवं पडलं आणि असा वास सुटला की मला धामणीची आठवण झाली. नवऱ्याने ते अलगद सुटं करून फेकलं. घाबरून मी पाणी बंद केलं. मग बाकीची अंडी पिचकली, दाबलेल्या चेंडूसारखी त्यांना खळगे पडले.

"तुमच्या त्या सापांच्या पुस्तकात काय लिवलंय?" मी विचारलं.

"दमट ठेवा, एवढंच लिवलंय," तो म्हणाला. मला धक्काच बसला. म्हणजे सगळी मदार माझ्या अंदाजावर, आणि माझा अंदाज कसा ते आम्ही दोघांनी बघितलं होतं.

त्याच दिवशी मिसळीसाठी मटकी बांधताना माझे हात थांबले. फडकं भिजवून घट्ट पिळायचं, ओलं राहिलं पाहिजे पण थेंब पडता कामा नये. पाणी जास्त झालं की मटकी आंबते, कमी पडलं की मोड वाळतात. आयुष्यभर हेच तर करत आले होते! मग अंड्यांच्या कडेची वाळू मुठीत दाबून बघायचं ठरवलं. लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी लागू नये. टबाच्या तोंडावर पिळलेलं फडकं ताणून बांधलं, अंड्यांना टेकणार नाही असं, आणि वर जाळीचं झाकण. दोन-तीन दिवसांत खळगे भरून आले. अंडी पुन्हा टपोरी! मी मटकीपेक्षा त्यांनाच जास्त वेळा बघू लागले. टब स्वयंपाकघरात फळीखाली, मटकीच्या पातेल्याच्या शेजारी. जागा गार आणि माझ्या नजरेसमोर. माझी अक्कल एवढीच.

शेजारच्या वैनी मोड आलेली मटकी मागायला यायच्या. एकदा त्या आल्या तेव्हा मी मागच्या दारी धुणं वाळत घालत होते.

"अहो, मटकीला मोड आल्यात काय?" त्यांनी पुढच्या दारातून विचारलं.

"आल्यात की, घ्या फळीखालची!"

आणि पुढची किंकाळी माझी नव्हती. मी आत धावले तर वैनी ओट्यावर चढलेल्या. पातेलं जागच्या जागी, टब मात्र आडवा. अंड्यांचा घोस जमिनीवर पडलेला, फुल्या सगळ्या खाली.

"मटकी म्हणून झाकण काढलं! काय हाय हे?"

"सापाची अंडी."

वैनींनी ओट्यावरच पाय आणखी आखडून घेतले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हातांनी घोस उचलून फुल्या वर केल्या आणि तो परत वाळूत ठेवला. हात लागला तेव्हा कळलं, अंडी कातड्यासारखी मऊ होती, गार होती. मी कडेची वाळू पुन्हापुन्हा दाबत राहिले. कोणत्या भीतीने, ते आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी नवऱ्याने टबाकडे बराच वेळ बघितलं. "किती वेळ उलटी हुती?"

"मी धावत आले तेवढाच."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक फुली वाकून तपासली आणि जेवायला बसला.

त्यानंतर वैनी रोज दारातूनच विचारायच्या, "काय हालचाल?" आत पाऊल टाकायच्या नाहीत, पण विचारल्याशिवाय राहायच्याही नाहीत. "माझ्या हातनं जीवहत्या झाली असंल तर नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो," म्हणायच्या. मी रोज वाळू मुठीत दाबायची, फडकं पिळायची आणि काही कळत नाही म्हणून चिडायची. पाऊस लागला तसं फडकं आपसूक ओलं राहू लागलं, मग बुरशी येईल या भीतीने मी ते वाऱ्यावर धरायला लागले.

एका सकाळी फडकं उचललं तर एका अंड्याला ब्लेडने मारावी तशी बारीक चीर. दुसऱ्यालाही. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिरेतून करंगळीच्या टोकाएवढं डोकं बाहेर आलं, मोठ्ठे डोळे, आणि माझ्याकडे बघून जीभ काढली.

"वैनी! वाडी रद्द करा!"

वैनी त्या दिवशी पहिल्यांदा आत आल्या. तोंडाला पदर लावून, पण आल्या.

दोन दिवसांत सगळी अंडी फुटली. ते हिरवं पडलेलं सोडलं तर एकही वाया गेलं नाही. नवरा पिल्लं पिशवीत घालायला बसला, वनखात्याचा माणूस बाहेर थांबलेला. एक पिल्लू माझ्या बोटाला चावलं, टाचणी टोचावी तसं. नवऱ्याने टरफलं मोजली, पिल्लं मोजली, पुन्हा टरफलं मोजली.

"एक कमी हाय."

वैनी कधी गेल्या ते कळलंच नाही.

आम्ही फळ्या उचलल्या, डबे हलवले, मोरीत कंदील धरला. नाही म्हणजे नाही. "गेलं असंल मोरीच्या भोकातनं," नवरा म्हणाला आणि पिशवी घेऊन निघाला.

दुपारी मी मोरी धुवायला घेतली, फिनेलची बाटली उघडली आणि परत बूच लावलं. एक गोणपाट भिजवलं, घट्ट पिळलं आणि मोरीच्या कोपऱ्यात पसरून ठेवलं. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, हे काय?

म्हटलं, "असू दे. आत कुठं असलं तर वाळून जाईल की."