निळ्या पट्टीतलं जग

विलायतमामांकडे पासपोर्ट नव्हता. त्यांना तो कधी लागलाच नाही. सकाळी धक्क्यावरून बोट सोडली की जेवणाच्या आत ते माणसांना इजिप्त, उत्तर ध्रुव आणि चीन दाखवून परत आणत, आणि वाटेत कुणाला मळमळलं तर बादलीही पुढे करत. यापेक्षा जास्त माणसाला काय हवं असतं?

खडकच होते ते, पण कसे खडक! टेकडीचं टोक ओलांडलं की पाण्यातून वर आलेला पिवळसर त्रिकोण दिसे, कुणी मुद्दाम तासल्यासारखा. तो पिरॅमिड. पुढचं बेट समुद्रपक्ष्यांनी पिढ्यान्पिढ्या घाण करून पांढरंफेक केलेलं. तो उत्तर ध्रुव. “मंडळी, नाकं दाबा, इथला बर्फ जरा शिळा आहे,” असं मामा म्हणत आणि माणसांची हसता हसता पुरेवाट होई. शेवटी काळ्या दगडाची लांबलचक भिंत, डोंगरावरून उतरून थेट पाण्यात शिरलेली. ती अर्थातच चीनची.

ही नावं मामांची नव्हती, त्यांच्या बायकोची होती. लग्नाच्या नव्या नवलाईत तिनं स्वयंपाकघरात परदेशी चित्रांचं एक कॅलेंडर टांगलं, आणि वर्ष सरलं तरी ते खिळ्यावरून उतरलं नाही. प्रत्येक चित्राच्या खाली तारखांची निळी पट्टी होती. ती पट्टी म्हणजे समुद्र, अशी तिची पक्की समजूत.

“अहो, हे सगळं पाण्यातच उभं आहे की,” ती म्हणाली. “असलं सगळं तर आपल्या दारातही आहे!”

मामांचं भूगोलाशी कधी वाकडं नव्हतं आणि सख्यही नव्हतं. त्यांना पटलं. पुढे लेकीनं शाळेत “चीनची भिंत भरतीला अर्धी बुडते” असं ठासून सांगितलं आणि लाल कान घेऊन ती घरी आली, तेव्हा कुठे घोटाळा उघडकीला आला. आई तरी हटली नाही. “तुझ्या मास्तरांनी पाहिलीय का? मी रोज खिडकीतून बघते.”

त्याच खिडकीखाली फेरी संपायची. “आणि हा आमचा देश, इथं राणीचं राज्य आहे!” असं मामा ओरडत, आणि ती खिडकीतून झारा हलवी. ती गेली, तेव्हापासून मामा फेरी चीनवरच आटोपती घेऊ लागले. नव्या माणसांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

लेक आता दूरदेशी नोकरीला होती. तिनं खरा पिरॅमिड पाहिला, खरी भिंतही पाहिली. यंदा सुट्टीवर आली आणि आल्या आल्या म्हणाली, “बाबा, फेरी मारून आणा ना.”

मामांना वाटलं, पोरीला हसू आलं तर? आणि हसू दाबून तिनं कौतुक केलं, तर ते त्याहून वाईट. बायकोनं जन्मभर मांडलेलं जग तिच्या एका नजरेनं दगडधोंडे होऊन जाईल, याची त्यांना खरोखर भीती वाटली. इंजिन कुरकुरतंय, वारा पडू दे, असे त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण लेक आईच्या वळणावर गेलेली. ती सरळ बोटीत जाऊन बसली.

मामांनी तोंडाला कुलूप घातलं. त्रिकोण मागे गेला. पांढऱ्या बेटापाशी लेक नाक दाबून त्यांच्याकडे बघत राहिली, पण ते काही केल्या सुकाणूवरून नजर उचलेनात. मग भिंत आली.

“हे काय आहे, बाबा?”

“खडक.”

“बाबा!”

“काळा खडक. अगं, तू खरी बघून आलीस. आता माझ्या तोंडून कशाला वदवून घेतेस?”

लेक चिडलीच. “हो, आले बघून! चढून चढून पायांचे तुकडे पडले. वर सगळे फोटो काढताहेत आणि मी कठड्यावरून वाकून खाली बघतेय. नुसती झाडं. मैत्रिणीला विचारलं, पाणी कुठाय? ती म्हणाली, कसलं पाणी?” तिनं समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहिलं. “मला भूगोल येतो हो. पण खाली निळी पट्टीच नव्हती, बाबा. मला आई इतकी आठवली, की मी तिथंच बसून रडले.”

मामांनी इंजिन हळू केलं. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग खाकरून घसा साफ केला.

“मंडळी, ही चीनची भिंत. भरतीला अर्धी बुडते. खात्री नसेल त्यांनी दुसरी जाऊन बघावी, तिथं तर पाणीच नाही!”

लेक डोळे पुसता पुसता हसली. मामांनी बोट धक्क्याकडे वळवली नाही, घराकडे घेतली. किती दिवसांनी! खिडकी बंद होती. तिच्याखाली आल्यावर मामांनी तोंड उघडलं, पण “आणि हा आमचा देश” एवढंच निघालं.

लेक उभी राहिली, आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “इथं राणीचं राज्य आहे!”