शेंदराखालचा पांढरा पट्टा

नावेला शेंदराचा टिळा दिसला की सौंसर भागातला तो शनिवार आजही माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नोकरी संपली, पण त्या दिवसाची धडधड संपली नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आदल्या दिवशी धरणात मोटार लावलेली नाव उलटली होती. सगळे बाहेर निघाले, पण एक म्हातारी नागपूरच्या दवाखान्यात मरणाशी झुंजत होती. नावाडी आमच्या हवालातीत होता. जास्त माणसे भरली, असा नावेच्या ठेकेदाराचा जबाब. म्हातारी गेली असती तर नावाड्याची उमर जेलात गेली असती.

मीही त्याला दरडावले, "अरे, किती माणसं कोंबली होतीस?"

"पट्टा पाहूनच घेतली, साहेब. नाव जड वाटून राहिली होती, पण पट्टा तं पाण्याच्या वरच होता. सरकारी पट्टा. मी काय शंका घेऊ?"

नावेत किती भार चालेल हे दाखवायला तपासणी अधिकारी बाजूला पांढरा पट्टा मारून देतात. पाणी त्याच्यावर चढता कामा नये. ठेकेदाराला हे विचारले तर तो हसला. "साहेब, हे नियम समुद्राचे. आपल्या धरणात कुठले?" मी कायद्याचे पुस्तकच त्याच्यापुढे आपटले. नदी असो, तलाव असो की धरण, यंत्रावर चालणाऱ्या नावेला अंतर्देशीय जलयानाचा कायदा लागतो. त्याचे हसू मावळले. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "साहेब, दिवाळीच्या आधी ठेकेदाराने आपल्या दोन्ही नावा रंगवल्या. जरा पट्टा पहा."

नावाड्याला विचारले. रंग लागला तेव्हा तो पांढुर्ण्याला बहिणीकडे होता. मग एकदम उठून उभा राहिला. "साहेब, दसऱ्याले मी नावेची पूजा करतो. पट्ट्याले चिकटून शेंदराचा टिळा लावतो. तो पट्ट्याजवळ दिसला नाही!"

पंच आणि नावाड्याला घेऊन घाटावर गेलो. आधी फोटो काढले, मग टर्पेंटाइनचा बोळा. पण शिपाई हात लावेना. देवाचा शेंदूर कोण पुसणार? शेवटी नावाड्यानेच हात जोडले आणि घासायला लागला. निळा रंग सुटला आणि नव्या पट्ट्याच्या वीतभर खाली शेंदूर उमटला, त्याला चिकटलेला जुना पांढरा तुकडाही! रंगवणाऱ्याने सगळी नाव खरवडली होती, पण शेंदरावर खरवडायचे पाते चालवायची त्याची छाती झाली नाही. तिथे नुसता रंग फासला. मला तर नाचावेसे वाटले.

आणि लगेच आठवली ती दुसरी नाव! शनिवार होता. पलीकडच्या गावांतले लोक नावेने येऊन जामसांवलीच्या मारुतीला जातात. पलीकडच्या घाटावर फोन लागेना. नावाड्यालाही जीपमध्ये घेतले आणि ती धरणाच्या पाळीवरून अशी पळवली की शिपाई मारुतीचे नाव घेऊ लागला. पोचलो तेव्हा दोर सुटत होता, नाव खचाखच भरलेली. मी गुडघाभर पाण्यात शिरून दोर धरला आणि ओरडलो, "खाली उतरा!"

"देवाच्या कामाले चाललो, साहेब. मारुती पाहून घेईल," एक आजोबा म्हणाले. कोणी हलेना.

तेव्हा मागून नावाडी गरजला, "उतरा रे बाप्पा! पट्टा खोटा हाय! माझी नाव ह्याच पट्ट्यानं बुडवली!"

लोक भराभर उतरले. माझ्या वर्दीसाठी नाही, त्याच्या शब्दासाठी.

जास्त माणसे भरता यावीत म्हणून पट्टा वर सरकवणाऱ्या ठेकेदारावर गुन्हा नोंदवला, नावाडी सुटला, म्हातारीही घरी आली. मी शिकलो ते एवढेच, की हवालातीतला माणूस खरे बोलत असेल, ही शक्यता पहिल्या तासात तपासावी. मी ती दुसऱ्या दिवशी तपासली, आणि त्याची मला लाज वाटते.

पुढच्या दसऱ्याला त्याने मला घाटावर बोलावले, शेंदराची वाटी पुढे केली. "साहेब, यंदा टिळा तुम्ही लावा."

"पट्टा बरोबर आहे ना, दादा?" मी विचारले. ठाण्यात मी त्याला अरे-तुरे केले होते.

"मोजून पाहिला, साहेब. आता मी रोजच मोजतो."

मग मी टिळा लावला.